हवामानबदल शिकवणाऱ्यांना संशोधन शिकवताना : प्रस्तावापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

हवामानबदलाचे शिक्षण आणि त्याला जोडून संशोधनाचे प्राथमिक प्रशिक्षण, असा शिक्षक व विद्यार्थी दोघांसाठीचा उपक्रम आम्ही काही सहकाऱ्यांनी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मांडायला घेतला आणि २०२५ च्या जूनमध्ये त्याचा अंतिम हिशेब सादर करून मोकळे झालो. असेच काही उभे करू पाहणारे लोक अधूनमधून विचारणा करतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न अभ्यासक्रमात काय घ्यावे, हा असतो. अभ्यासक्रमासाठीची सामग्री आज मुबलक मिळते. माणूस अडतो आणि खचतो ती ठिकाणे निराळी आहेत, म्हणून घडले त्या क्रमाने, कागदपत्रांच्या तपशिलासह, लिहून ठेवत आहे.

प्रस्तावाचा पहिला मसुदा आम्ही मोठ्या थाटात सुरू केला होता. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आराखडा करारातील सहावे कलम शिक्षण, प्रशिक्षण आणि लोकजागृती यांविषयीचे आहे, २०१५ च्या पॅरिस कराराच्या बाराव्या कलमात तीच बांधिलकी पुन्हा येते, आणि म्हणून आमचा उपक्रम आवश्यक आहे, असा त्याचा सूर होता. परीक्षकांनी तो परत पाठवला तेव्हा सोबत एकच शेरा होता : ‘प्रशिक्षणानंतर शिक्षक नेमके काय करू शकतील, जे आज ते करत नाहीत?’ हा शेरा वाचून प्रथम राग आला, कारण उत्तर आम्हाला उघड वाटत होते. ते लिहायला बसल्यावर मात्र ‘जाणीव वाढेल’, ‘संवेदनशीलता निर्माण होईल’ यापलीकडे वाक्य जाईना. शेवटी जे लिहिले ते असे : शिक्षक स्वतः एक मोजता येईल असा प्रश्न तयार करतील, त्यासाठी एक हंगामभर नोंदी घेतील, नोंदींतील अनिश्चितता सांगू शकतील आणि हेच काम विद्यार्थ्यांकडून करून घेतील. पुढे प्रत्येक वादात, काय ठेवायचे आणि काय वगळायचे हे ठरवताना, याच वाक्याचा आधार घ्यावा लागला.

सुधारित प्रस्ताव नोव्हेंबरमध्ये गेला आणि मंजुरीचे पत्र फेब्रुवारीच्या अखेरीस आले. अंदाजपत्रकाबद्दल इतकेच सांगतो की उपकरणांवर सगळ्यात जास्त पैसे लागतील, हा समज चुकीचा ठरतो. तापमापी, पर्जन्यमापक, आर्द्रतामापी यांचा खर्च एकूण खर्चात किरकोळ निघतो. पैसा लागतो तो शिक्षकांच्या वेळेला, म्हणजे प्रवास, निवास, त्यांच्या जागी तास घेणाऱ्यांचे मानधन, आणि कार्यशाळेनंतर वर्षभर शाळांना भेटी देणाऱ्या मार्गदर्शकांचे मानधन. यातील शेवटची बाब निधी देणारे सर्वांत आधी कापायला सांगतात आणि तीच टिकवण्यासाठी भांडावे, असे माझे मत आहे. दुरुस्ती आणि उपकरणांच्या तपासणीसाठी वेगळे लेखाशीर्ष मागून घ्यावे. एका शीर्षातील रक्कम दुसऱ्या शीर्षात किती प्रमाणात वळवता येते, हे करारावर सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. मंजुरीचे पत्र म्हणजे पैसे नव्हेत. पहिला हप्ता खात्यात यायला आणखी काही आठवडे गेले, आणि मंजुरीच्या पत्रावर विसंबून सभागृह आरक्षित केलेल्या एका सहकाऱ्याला अनामत रक्कम पदरची भरावी लागली.

याच काळात नीतिमत्ता समितीचा अर्ज चालू होता. विद्यार्थी अज्ञान वयाचे, त्यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आणि ती उत्तरे पुढे विश्लेषणात वापरायची, म्हणजे पालकांची संमती आणि मुलांची स्वतःची तयारी, दोन्ही कागदावर हवीत. समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा होत असे, त्यामुळे एका किरकोळ शंकेची किंमत थेट दोन महिने. आम्हाला विचारलेल्या शंका खरे तर मार्मिक होत्या. मूल घरी तापमापी लावणार असेल तर त्या नोंदीबरोबर घराचे अचूक स्थान जाहीर होईल का? संमती न देणाऱ्या मुलाने वर्गात काय करायचे? पहिल्या शंकेवर आम्ही प्रसिद्ध होणाऱ्या नोंदींतून अक्षांश-रेखांश मुद्दाम ढोबळ केले. दुसरीवर असे ठरवले की ते मूल मोजमापात पूर्ण भाग घेईल, फक्त त्याची प्रश्नावली विश्लेषणात येणार नाही. तुम्ही अर्ज करत असाल तर प्रश्नावली ज्या ज्या भाषांत वापरणार त्या सर्व भाषांतील प्रती जोडा, नोंदी कुठे, किती काळ आणि कोणाच्या ताब्यात राहतील ते लिहा, आणि छायाचित्रांची संमती वेगळ्या कागदावर घ्या. ती एकाच अर्जात घातली की छायाचित्र नको असलेला पालक सगळ्यालाच नकार देतो.

शाळांच्या परवानगीचा टप्पा मला सर्वांत कंटाळवाणा वाटला. शिक्षकांना कार्यमुक्त करण्याचा आदेश ज्या कार्यालयातून निघायचा तिथे आमचे पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात एप्रिल आणि मे निघून गेले. पत्राची पोच घेताना आवक क्रमांक लिहून घेणे आणि पुढच्या प्रत्येक पत्रात तो उद्धृत करणे, एवढ्या एका सवयीने पुढील परवानग्या बऱ्याच लवकर मिळाल्या. परीक्षांचे वेळापत्रक आधी मागवा आणि मग कार्यशाळेची तारीख सुचवा, उलट करू नका.

शिक्षकांची निवड करताना प्रत्येक शाळेतून दोघे हवेत, ही अट घातली, कारण एकटा शिक्षक बदलून गेला की उपक्रमही त्याच्याबरोबर जातो. विज्ञानाचेच शिक्षक असावेत, असा आग्रह मुळीच धरला नाही. गणित आणि भूगोलाच्या शिक्षकांची जोडी सर्वांत चिवट निघाली, आणि भाषेच्या एका शिक्षिकेने विद्यार्थ्यांकडून अहवाल असे काटेकोर लिहून घेतले की आम्ही पुढे तेच नमुना म्हणून वापरले.

जुलैमध्ये कार्यशाळा सुरू झाली ती पूर्वचाचणीने. शिक्षकांना परीक्षेला बसवणे नाजूक काम असते. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी स्वतः निवडलेला सांकेतिक शब्द लिहायचा आणि तोच शेवटच्या चाचणीत वापरायचा, अशी सोय केल्यावर खोलीतला ताण उतरला आणि आम्हाला आधीची व नंतरची उत्तरे जोडूनही पाहता आली. अपेक्षेप्रमाणे सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज ओझोनचा निघाला : ओझोनच्या थराला भोक पडल्यामुळे जास्त ऊन आत येते आणि म्हणून पृथ्वी तापते. हा गैरसमज व्याख्यानाने जात नाही. ओझोनचा ऱ्हास आणि तापमानवाढ या दोन्हींचे कारण, दोन्हींतले वायू आणि दोन्हींतली किरणे शेजारी शेजारी मांडून शिक्षकांना स्वतः फरक लिहायला लावल्यावरच तो थोडा सैल झाला.

बाटल्यांचा प्रयोग हा आमच्या प्रशिक्षणातील सर्वांत गाजलेला भाग ठरला, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. दोन सारख्या बाटल्या, एकीत साधी हवा, दुसरीत सोडा आणि व्हिनेगरपासून केलेला कार्बन डायऑक्साइड, दोन्हींवर दिव्याचा झोत, दोन्हींत तापमापी; कार्बन डायऑक्साइडची बाटली जास्त तापते आणि हरितगृह परिणाम सिद्ध झाला, असे फळ्यावर लिहिले जाते. जवळजवळ प्रत्येक शिक्षकाने हा प्रयोग कधी ना कधी करून दाखवलेला होता. आम्ही तिसरी बाटली ठेवली आणि तिच्यात आरगॉन भरला. आरगॉन अवरक्त किरणे, म्हणजे उष्णतेची अदृश्य किरणे, शोषत नाही, पण त्याची घनता कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास असते. आरगॉनची बाटलीही साध्या हवेच्या बाटलीपेक्षा जास्त तापली, आणि खोलीत शांतता पसरली. २०१० मध्ये भौतिकशास्त्राच्या एका नियतकालिकात हीच गोष्ट दाखवून दिलेली आहे : अशा मांडणीतील तापमानवाढ मुख्यतः जड वायूमुळे हवेचे अभिसरण मंदावल्याने होते, किरणांच्या शोषणाने नव्हे. निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचे. ‘मग आम्ही इतकी वर्षे मुलांना खोटे शिकवले का?’ असे एका ज्येष्ठ शिक्षकांनी विचारले, आणि त्यानंतरची चर्चा जेवणाची वेळ उलटून गेली तरी थांबली नाही.

त्या चर्चेतून इतिहासाकडे वळणे सोपे गेले. अमेरिकी संशोधक युनिस फूट यांनी १८५६ मध्ये वायू भरलेल्या नळकांड्या उन्हात ठेवून कार्बन डायऑक्साइडची नळकांडी सर्वांत जास्त तापते आणि सावकाश निवते, हे नोंदवले. परंतु त्यांच्या मांडणीत सूर्यप्रकाश आणि अदृश्य उष्णताकिरणे यांचा परिणाम वेगळा करता येत नव्हता. तो वेगळा केला आयरिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी, १८५९ पासूनच्या मोजमापांत. एखादा प्रयोग नेमके काय सिद्ध करतो आणि काय करत नाही, हा प्रश्न शिक्षकांना या दोघांच्या उदाहरणावरून जितका पटला तितका संशोधनपद्धतीच्या कोणत्याही व्याख्येवरून पटला नसता. बाटलीच्या जागी आम्ही अवरक्त तापमापी आकाशाकडे रोखण्याचा प्रयोग दिला : निरभ्र आकाश त्यावर अतिशय थंड दिसते, खालच्या थरातला दाट ढग कितीतरी उबदार, म्हणजे वरून खाली येणारे प्रारण (किरणांच्या रूपातील ऊर्जा) खरोखर मोजता येते. मात्र यालाही मर्यादा आहे आणि ती आम्ही लपवली नाही. असे तापमापी साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात काम करतात, आणि कार्बन डायऑक्साइडचे महत्त्वाचे शोषण १५ मायक्रोमीटरच्या आसपास होते, म्हणजे त्याचा परिणाम ते थेट दाखवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी उपकरणे वाटण्यापूर्वी सगळे तापमापी एकाच सावलीत, एकाच उंचीवर, रात्रभर शेजारी शेजारी टांगून ठेवले. सकाळी वाचन घेतले तेव्हा त्यांच्यात जवळजवळ एका अंशाचा फरक होता. एका शिक्षिकेने लगेच बोट ठेवले : औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत २०१० ते २०१९ या दशकापर्यंत माणसामुळे झालेली तापमानवाढ सुमारे १.०७ अंश सेल्सिअस, असे हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीचा (आयपीसीसी) २०२१ चा अहवाल सांगतो. मग उपकरणातील फरकच एवढा असेल तर ती वाढ ओळखली कशी? याहून चांगला प्रश्न आम्ही स्वतः तयार करू शकलो नसतो. पुढचा पूर्ण दिवस याच प्रश्नावर खर्च झाला आणि ठरलेली दोन सत्रे आम्ही सरळ रद्द केली. एखादा तापमापी सतत अर्धा अंश जास्त दाखवत असला तरी त्याची आजची नोंद त्याच्याच जुन्या सरासरीशी ताडून पाहिली तर तो अर्धा अंश वजाबाकीत निघून जातो, म्हणूनच तापमानाऐवजी सरासरीपासूनचा फरक वापरतात; विखुरलेल्या चुका नोंदी वाढवल्यावर घटतात, शंभर स्वतंत्र नोंदींच्या सरासरीत साधारण दहाव्या भागावर येतात; एकाच दिशेची चूक मात्र कितीही नोंदी घेतल्या तरी जात नाही, आणि उपकरणाची जागा बदलली की ती नव्याने शिरते. हे सर्व शिक्षकांनी आपल्याच तापमापींच्या आकड्यांवर करून पाहिले.

तुलनेच्या कालखंडाचा घोळही याच ओघात सुटला. दोन वेगवेगळ्या संस्थांचे जागतिक तापमानाचे आलेख एकाच वर्षासाठी निराळे आकडे दाखवतात, असे पाहून काही जण अस्वस्थ झाले होते. नासाचा आलेख १९५१ ते १९८० या काळाच्या सरासरीशी तुलना करतो, युरोपची कोपर्निकस हवामान सेवा अनेकदा १९९१ ते २०२० शी. शून्याची रेघ निरनिराळ्या ठिकाणी आखलेली, वाढ तीच. शिक्षकांनी दोन्ही आकडेवाऱ्या उतरवून घेऊन एकाच कालखंडावर आणल्या तेव्हा रेषा एकमेकींवर बसल्या. हवाई बेटावरील मौना लोआ वेधशाळेतील हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या नोंदी तर १९५८ पासून मोफत उपलब्ध आहेत, आणि १९५९ ची सुमारे ३१६ भाग प्रति दशलक्ष ही सरासरी २०२४ मध्ये ४२४ च्या पुढे गेलेली साध्या तक्त्यात दिसते. संगणक जुने असतील तर पूर्ण फायलीऐवजी मासिक सरासरीची फाइल आधीच उतरवून ठेवा. ऐन सत्रात सगळ्यांनी एकदम उतरवायला घेतली की अर्धा तास जातो.

ऑगस्टपासून काम शाळांत गेले. तापमापीची पेटी जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढरी, झडपांची आणि दार उघडल्यावर ऊन आत येणार नाही अशी. पर्जन्यमापक जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर. कागदावर हे सोपे दिसते, पण बहुतेक शाळांच्या आवारात अशी जागाच नसते. आम्ही आदर्श जागा नसल्यास उपकरण नाकारण्याऐवजी जागेचे चार दिशांनी छायाचित्र आणि अडथळ्यांची अंतरे नोंदवायला लावली, आणि त्या नोंदीच मुलांना आकडे वाचताना सावध करू लागल्या.

खरी झुंज सुट्ट्यांशी होती. एका शाळेच्या वहीत शनिवार, रविवार कोरे आणि सोमवारी भरपूर पाऊस, असे पुन्हा पुन्हा दिसले. मुलांनी कोऱ्या जागी शून्य भरून टाकले होते. तेव्हा वही उघडून एकेक ओळ पाहिली : शून्य म्हणजे पाहिले आणि पाऊस नव्हता, कोरे म्हणजे पाहिलेच नाही, आणि सोमवारचा आकडा म्हणजे तीन दिवसांची बेरीज. त्या आठवड्यापासून वहीत ‘किती दिवसांचा साठा’ असा एक जादा रकाना आला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे गणित कळल्यावर त्याच वर्गाने शाळेच्या छपरावरून वाहून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडला.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांबद्दल एक मतभेद शेवटपर्यंत राहिला. अनेक गटांनी आवारातील झाडाखालचे, मातीवरचे आणि काँक्रीटवरचे तापमान मोजले. काही परीक्षकांचे म्हणणे, हा हवामानबदल नव्हे. बरोबर आहे, हवामानाची सरासरी ठरवायला जागतिक हवामान संघटना तीस वर्षे धरते आणि शाळेच्या हातात एक हंगाम असतो. पण संशोधनाची शिस्त शिकायला तो हंगाम पुरतो, आणि बदल पाहायला जुन्या नोंदींकडे वळता येते. म्हणून प्रत्येक गटाने एक स्वतःचे मोजमाप आणि एक दीर्घकालीन मालिका, अशी जोडी ठेवावी, असे आम्ही ठरवले. जुन्या नोंदींसाठी अर्ज करून दोनेक महिने थांबावे लागले, म्हणून तो अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा. सोबत हवामान केंद्राची जागा कधी बदलली याची माहितीही मागावी, ती आपणहून दिली जात नाही.

जानेवारीत सादरीकरणे झाली तेव्हा एका मुलाने, आलेख उत्तम समजावून सांगितल्यावर, ‘आता काही करून उपयोग आहे का?’ असे विचारले आणि त्याच्या शिक्षकांना उत्तर सुचेना. त्यांना एकटे सोडणे बरे नव्हते. त्यानंतर आम्ही शिक्षकांसाठी एक जादा सत्र घेतले, एका समुपदेशकांच्या मदतीने. भावनेला घाईने उत्तर देऊ नये, हे त्यांनी शिकवले. विज्ञानाच्या बाजूने आमच्याकडे देण्यासारखे एक ठोस उत्तर होते : तापमानवाढ एकूण उत्सर्जनाच्या जवळजवळ सम प्रमाणात होते, दर हजार अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे ०.४५ अंश, त्यामुळे अमुक आकडा ओलांडला की सगळे संपले असे नसून टळलेला प्रत्येक टन मोजला जातो.

मार्चमध्ये उत्तरचाचणी झाली. ओझोनचा गैरसमज काही जणांत टिकून होता, आणि ते आम्ही अहवालात तसेच लिहिले. सर्वांत ठळक फरक आलेख वाचण्यात आणि अनिश्चितता शब्दांत मांडण्यात दिसला. उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याचे), लेखापरीक्षकांची सही, उपकरणांची साठा नोंदवही आणि शाळांना उपकरणे हस्तांतरित केल्याच्या पावत्या एकत्र करण्यात एप्रिल आणि मे गेले. प्रवासाची देयके मूळ तिकिटांसह त्या त्या महिन्यात जमा करून घेतली नसती तर हा काळ दुप्पट झाला असता. नोंदी स्थानाचा तपशील ढोबळ करून खुल्या संग्रहात ठेवल्या आणि अंतिम अहवाल जूनमध्ये गेला. शेवटचा हप्ता अहवाल स्वीकारल्यानंतरच मिळतो, त्यामुळे मार्गदर्शकांचे अखेरचे मानधन आधीच्या हप्त्यातून राखून ठेवावे.

पुढच्या तुकडीचा अर्ज आता तयार आहे. जुन्या अर्जात फक्त एक प्रश्न वाढवला आहे आणि त्याचे उत्तर नावासह लिहिल्याशिवाय शाळेची निवड होणार नाही : सुट्टीच्या दिवसांत नोंद कोण घेणार?